उंचावरच्या सरोवराकाठी एकांत कुठे मिळेल?

डोंगरवाटांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गेली अनेक वर्षे मी सह्याद्रीत भटकतो आहे. गेल्या ऑगस्टमध्ये एका संस्थेबरोबर काश्मीरमधील सरोवरांचा ट्रेक केला. विशनसर, गडसर, गंगाबल ही सरोवरे डोळ्यांचे पारणे फेडणारी आहेत यात शंका नाही. परंतु प्रत्येक मुक्कामी तीन-चार संस्थांचे तंबू, सकाळी शौचतंबूसमोर रांग आणि काठावर मोबाइलवरची गाणी, असा सगळा प्रकार होता. मुंबईची गर्दी टाळायला गेलो आणि तिथेही गर्दीतच राहिलो. पुढच्या वर्षी मळलेली वाट सोडून, तंबू पाठीवर घेऊन, एखाद्या उंचावरच्या सरोवराकाठी चार दिवस एकट्याने राहावे असे मनात आहे. वय ४७ असून प्रकृती ठणठणीत आहे. घरच्यांचा मात्र विरोध आहे. तो डावलून जावे काय, आणि जायचे तर कुठे?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : घरच्यांचा विरोध वाट सोडण्याला आहे की एकट्याने जाण्याला, हे आपण लिहिलेले नाही. वाट सोडण्याला असेल तर मी आपल्या बाजूने आहे; एकट्याने जाण्याला असेल तर त्यांच्या. सह्याद्रीत पाय मुरगळला तर संध्याकाळपर्यंत एखादा गुराखी नाहीतर मोळी घेऊन चाललेली बाई दृष्टीस पडते. चार हजार मीटरवरच्या धोंड्यांच्या उतारावर तोच पाय मुरगळला तर आठवडाभर कोणी फिरकेल याची खात्री नाही, आणि ज्याच्या शोधात आपण गेलात तेच नेमके आपल्या मुळावर येईल. म्हणून निदान तिघे असावेत, म्हणजे एकाला दुखापत झाली तर दुसरा त्याच्यापाशी थांबतो आणि तिसरा मदत आणायला खाली उतरतो. त्यांतला एक जण त्या खोऱ्यातलाच असेल तर फारच उत्तम. तिघांमुळे एकांताला बाधा येईल ही भीती अनाठायी आहे. सकाळचा चहा झाला की तिघांनी सरोवराच्या तीन बाजू धराव्यात आणि दिवेलागणीच्या आत तंबूपाशी परतावे, एवढे आपसांत ठरलेले पुरते.

आता गर्दीविषयी. हिमालयातली ट्रेकची गर्दी डोंगरभर पसरलेली नसते. ती खेचरांना बांधलेली असते. संस्थांचे तंबू, शिधा आणि गॅसच्या टाक्या बहुधा खेचरांवरून जात असल्यामुळे मुक्काम अशाच जागी पडतो जिथे खेचर पोहोचते, सपाट गवत असते आणि पाणी हाकेच्या अंतरावर असते. जिथे खेचराचा खूर टिकत नाही तिथे तुकडीही सहसा जात नाही. आणि हिमनदीने कोरलेल्या खोऱ्यात सरोवर पुष्कळदा एकटे नसते. बर्फाच्या रेट्याने खडकात उतरत्या पायऱ्या तयार झालेल्या असतात आणि पायरीगणिक खळग्यात पाणी साठते. खालच्या मोठ्या सरोवरापर्यंत मळलेली वाट येते, वरची लहान सरोवरे मात्र नकाशावरच्या निळ्या ठिपक्यांपुरती उरतात, कारण ठरलेल्या वेळापत्रकात ती बसत नाहीत. आपल्याला हवा असलेला एकांत बव्हंशी या शेवटच्या तीनशे-चारशे मीटरच्या चढावर असतो. त्यासाठी अनोळखी खिंडी ओलांडण्याची गरज नाही. एकाच खोऱ्यात तीन रात्री राहण्याची तयारी मात्र हवी, आणि रोज नवे सरोवर ‘करून टाकण्याची’ सवय मुंबईकरांना जरा जास्तच असल्याने हीच अट अनेकांना जड जाते.

हा प्रयोग काश्मीरच्या त्याच वाटेवर करू नये. नियंत्रण रेषा तिथून फार दूर नाही, वाटेत लष्कराचे जवान ओळखपत्रे तपासतात, आणि ठरलेला मार्ग सोडून भलत्याच धारेवर दिसलेल्या माणसाला तिथे कोणी निसर्गप्रेमी म्हणत नाही. उत्तराखंडात २०१८ साली उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली. त्यामुळे तिकडे जायचे तर आधी वनखात्याकडे चौकशी करावी.

माझी स्वतःची पसंती हिमाचल प्रदेशातल्या धौलाधार डोंगररांगेला आहे. धर्मशाळेजवळच्या करेरी सरोवरावर (सुमारे २,९३० मीटर) सुट्टीच्या दिवशी बऱ्यापैकी झुंबड असते. तिथून वर चढून सुमारे ४,२५० मीटर उंचीची मिनकियानी खिंड पार करून चंबा बाजूला उतरले की लम डल आणि त्याच्या आसपासच्या सरोवरांचा समूह लागतो, आणि तिथे भेटलेच तर गद्दी मेंढपाळ भेटतात. धौलाधारला पाऊस झोडपून काढतो, म्हणून सप्टेंबरचा उत्तरार्ध किंवा ऑक्टोबरचे पहिले दिवस धरावेत. त्या सुमारास गद्दी आपले कळप घेऊन खिंडींवरून दक्षिणेकडे परतत असतात. त्यांची कुत्री अनोळखी माणसाला जुमानत नाहीत. कळप दिसला की दुरूनच थांबून हाक द्यावी आणि मालकाने कुत्रे आवरल्यावरच पुढे व्हावे. लम डल हे स्थानिकांचे श्रद्धास्थानही आहे, तेव्हा पाण्यात साबण घालणे तर सोडाच, काठावर पादत्राणे घालून वावरण्याआधीही सोबतच्या माणसाला विचारावे.

दुसरा पर्याय स्पितीच्या उंबरठ्यावरचे चंद्रताल. २००५ पासून ते रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आहे आणि तंबू काठापासून बरेच दूर लावावे लागतात. गाडीरस्ता जवळपर्यंत जात असल्याने दिवसा वर्दळ असते. मात्र तिथून चंद्रा नदीच्या कडेने उत्तरेकडे बारालाचा खिंडीपर्यंत जाणारी जुनी पायवाट त्या मानाने निर्मनुष्य आहे. वाटेतले हिमनद्यांचे ओढे भल्या पहाटे ओलांडावेत. दुपारी बर्फ वितळून तेच पाणी गुडघ्यावरून मांडीपर्यंत चढते.

इथे मुंबईकरासाठी एक धोका आहे. मनाली साधारण २,००० मीटरवर, तर चंद्रताल ४,२५० मीटरच्या आसपास. गाडीने एका दिवसात तिथे पोहोचून त्याच रात्री झोपणे म्हणजे दुखणे ओढवून घेणे. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर असल्यामुळे सह्याद्रीत कितीही वर्षे घालवली तरी विरळ हवेची परीक्षा झालेली नसते. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावे. डोकेदुखीबरोबर मळमळ सुरू झाली तर वर जाणे थांबवावे. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरावे.

वाट सोडल्यावर काय बदलते, हेही सांगितले पाहिजे. समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, ४० मीटर उंचीच्या अंतराने काढलेल्या असतील तर तीस मीटरचा सरळ कडा नकाशावर दिसतच नाही. म्हणून नकाशा पाहून ठरवलेली चढाई खालून डोळ्यांनी पारखल्याखेरीज सुरू करू नये. सह्याद्रीतल्या ढोरवाटा जशा चकवतात तशा मेंढ्यांच्या वाटाही चकवतात, कारण मेंढी गवताच्या शेवटापर्यंत जाते आणि तिथून मागे फिरते. धोंड्यांच्या उतारावर प्रत्येक दगडाला आधी पायाने दाबून पाहावे, त्याच्या डोंगराकडच्या बाजूवर पाऊल ठेवावे आणि पाठीवरच्या बोज्याचा भार त्यानंतरच टाकावा. दगड डुगडुगला तर तिथेच तोल सावरत न बसता पुढच्या दगडाकडे सरकावे, आणि तो दगड ठरवून ठेवल्याशिवाय आधीचा सोडू नये. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, एकाच्या बरोबर खाली दुसऱ्याने कधीही चालू नये. दर पंधरा-वीस मिनिटांनी वळून मागचे दृश्य पाहावे आणि मोबाइलवर टिपून घ्यावे. परतताना डोंगर उलट्या बाजूने दिसतो आणि धुके आले तर तेवढाच आधार असतो.

तंबू सरोवराच्या अगदी कडेला लावण्याचा मोह आवरावा. रात्री थंड हवा उतारावरून ओघळून खळग्यात साचते, त्यामुळे पाण्यापासून साठ-सत्तर मीटर दूर आणि थोड्या उंचवट्यावर कोरडी जागा पाहिली तर रात्र कमी गारठ्यात जाते, आणि काठावरचे नाजूक गवतही वाचते. सरोवर हिमनदीच्या सुट्या मातीदगडांनी अडलेले असेल तर त्याच्या सांडव्याखाली मुक्काम अजिबात नको; २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सिक्कीमचे दक्षिण ल्होनाक सरोवर असेच फुटले होते.

या सगळ्याचा सराव पावसाळ्यानंतर घाटमाथ्यावर, नकाशा आणि होकायंत्र हाती घेऊन, मित्रांबरोबर करता येतो. घरच्यांनाही त्यातल्या एखाद्या फेरीला न्यावे. विरोध निम्मा होईल.

प्रश्न : माझी मुलगी कॅलिफोर्नियात असते. सिएरा नेवाडाच्या डोंगरांत ती मैत्रिणींबरोबर वाट सोडून सरोवरांकडे जाते आणि रोज उपग्रहामार्फत खुशालीचा निरोप पाठवते. ते यंत्र ती मला हिमालयासाठी देऊ म्हणते. आणावे काय? आणि तिकडे हे इतके सोपे कसे?
— एक वाचिका, दादर

उत्तर : आणू नये. भारतात उपग्रह फोन आणि उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी उपकरणे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, आणि विमानतळावर सामानात ती सापडल्यामुळे प्रवाशांना ताब्यात घेतल्याच्या घटना घडल्या आहेत. मोबाइलमध्ये आधी उतरवून ठेवलेला नकाशा नेटवर्कशिवायही आपली जागा दाखवतो, त्यावर भागवावे.

सिएरामध्ये वृक्षरेषेच्या वर उघडा, घट्ट ग्रॅनाइट आहे आणि उन्हाळा बहुतांशी कोरडा असतो, त्यामुळे वाट नसतानाही चालता येते. दुपारी विजा कडाडतात, तेव्हा मात्र खिंडीवर असू नये. ३४० किलोमीटरच्या जॉन म्यूर ट्रेलवर तिथेही गर्दी असते, आणि आपली मुलगी जाते ती त्याच्या बाजूच्या खोऱ्यांत जात असणार. रात्रीच्या मुक्कामाला परवाना लागतो, अनेक प्रवेशवाटांवर दररोज किती जणांना सोडायचे याची मर्यादा असते, आणि पुष्कळ भागांत अन्न अस्वलाला न उघडता येणाऱ्या डब्यातच ठेवावे लागते. तिकडचा एकांत असा नियमांनी राखलेला आहे.

आपल्याकडे यंत्राच्या जागी कागद चालतो. मार्ग, मुक्काम, सोबतच्यांची नावे आणि परतीचा दिवस लिहून एक प्रत घरी ठेवावी आणि दुसरी पायथ्याच्या गावातल्या दुकानदाराकडे किंवा वनचौकीत द्यावी. कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत न आल्यास पोलिसांना कळवायचे, हेही त्यावर लिहावे. दादरला बसलेल्या नातेवाइकापेक्षा तो दुकानदार लवकर हालचाल करू शकतो. परतल्यावर मात्र त्याच्याकडे न चुकता हजेरी लावावी. नाहीतर आपण पठाणकोटला गाडीत बसलेले असाल आणि चार माणसे कंदील घेऊन खिंडीकडे निघालेली असतील.