स्विच नंतर घ्या, आधी केबल बघा
वाचकांचे प्रश्न

ऑफिसचं नेटवर्क अपग्रेड करण्याबद्दल मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. नागपूर आणि आजूबाजूचे एवढे आले की सगळे इथे बसणारच नाहीत. काही निवडले, लांब होते ते जरा छाटले.

प्रश्न: भाऊ, आमची पतसंस्था आहे, धरमपेठेत हेड ऑफिस, तीन मजले, पन्नासेक कॉम्प्युटर. केबलिंग जुनं आहे, कॅट ५ई दर्जाचं. व्हेंडर म्हणतो सगळं १० जी (सेकंदाला १० गिगाबिट) करा, भिंतीतल्या सगळ्या केबल काढून कॅट ६ए टाका. कोटेशन बघून संचालक मंडळ गप्पच झालंय. खरंच गरज आहे का?

उत्तर: सगळं करायची तर अजिबात नाही. खातं उघडणं, व्हाउचर टाकणं, पासबुक छापणं याला १ जी भरपूर होते आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरला मुळात १० जीचं पोर्टच नसतं. गर्दी होते ती मजल्यावरच्या स्विचपासून (सगळ्या कॉम्प्युटरच्या केबल जिथे जोडतात ती पेटी) सर्व्हर रूमकडे जाणाऱ्या त्या एका केबलवर. वर वीस जण १-१ जी घेऊन बसलेले आणि खाली जायला सगळ्यांना मिळून एकच १ जी! तेवढी लाइन फायबरने १० जी करा, मजल्यावरचे स्विच त्या हिशोबाने घ्या, बाकी केबल भिंतीतच राहू द्या.

वायफायसाठी नवे अॅक्सेस पॉइंट लावणार असाल तर २.५ जीचे पोर्ट बघा. २०१६ मध्ये हे स्टँडर्ड आलं तेच यासाठी की जगभर भिंतींमध्ये पडलेली कॅट ५ई वाया जाऊ नये. त्याच केबलवर १०० मीटरपर्यंत २.५ जी चालतं, कॅट ६ असेल तर ५ जी. कॅट ६ए लागते ती १० जी पूर्ण १०० मीटर न्यायचं असेल तेव्हा, आणि साध्या कॅट ६ वर १० जी फार तर ५५ मीटर जातं, केबलींचा जाड गठ्ठा असेल तर त्याहून कमी.

मात्र आहे ती केबल टेस्ट करून घ्या, नुसते लाइट लागतात का ते बघणारा टेस्टर नको, फ्लूकच्या मोजणी यंत्राचा रिपोर्ट मागा, प्रत्येक पॉइंटचा. आणि पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलवरूनच वीज देणारा) घेताना एकूण वॅट विचारा. पीओई प्लसमध्ये एका पोर्टला ३० वॅट मिळतात, म्हणजे २४ पोर्टचे ७२० झाले, पण बऱ्याच स्विचचं बजेट ३७० च्या आसपासच असतं, मग कॅमेरे आणि अॅक्सेस पॉइंट वाढवत गेलं की शेवटचे दोन-चार चालूच होत नाहीत आणि सगळे केबलला दोष देतात.

प्रश्न: हिंगणा एमआयडीसीत आमचं युनिट आहे. ऑफिसपासून प्रॉडक्शनच्या शेडपर्यंत कॅट ५ई टाकली आहे, ८५ मीटर तरी असेल, पत्र्याखालून गेली आहे. १०० एमबीपीएस होतं तोपर्यंत ठीक होतं, गिगाबिट स्विच बसवल्यापासून मे महिन्यात दुपारी लिंक येऊन-जाऊन राहिली, रात्री एकदम ओके. आणि पहिला पाऊस आला की एक-दोन पोर्ट उडतातच, दरवर्षी. काय करायचं?

उत्तर: या प्रश्नावर जरा थांबून बोलतो, कारण हा आपल्या विदर्भाचा खास प्रश्न आहे आणि बाहेरून येणारे डिझाइनवाले तो धरतच नाहीत.

१०० मीटरचा जो नियम सगळ्यांना पाठ आहे, त्यात ९० मीटर भिंतीतली केबल आणि १० मीटर पॅच कॉर्ड, आणि तो हिशोब २० डिग्रीचा आहे. तांबं तापलं की सिग्नल जास्त गळतो. साध्या यूटीपीसाठी (कवच नसलेली, जोड्यांना पीळ दिलेली केबल) स्टँडर्डमध्येच तक्ता दिलाय: ४० डिग्रीला ९० चे ८४ मीटर होतात, ५० ला साडेएकोणऐंशी, ६० ला ७५. आता आपल्याकडे मे मध्ये बाहेरच ४५ च्या वर जातं, नवतपात तर विचारूच नका, आणि पत्र्याला चिकटून गेलेली केबल ५५-६० ला सहज पोचते. म्हणजे तुमची ८५ मीटरची केबल कागदावर पास आणि दुपारी तीन वाजता नापास. १०० एमबीपीएसला फरक पडत नव्हता कारण त्यात दोनच जोड्या वापरल्या जातात, गिगाबिटला चारही लागतात आणि चारही जोड्यांवर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी सिग्नल चालतो, तिथे ढिलाई चालत नाही.

पण लगेच केबललाच फाशी देऊ नका, दुसरा संशयित पण आहे. शेडमधला स्विच कुठे ठेवलाय, भिंतीवरच्या बंद पेटीत ना? साध्या ऑफिस स्विचच्या डेटाशीटवर बहुतेक ० ते ४० डिग्री, फार तर ४५ किंवा ५० लिहिलेलं असतं आणि त्या पेटीत दुपारी त्याच्या वर असतं. दोघांपैकी कोण ते शोधायला स्विचमध्ये लॉगिन करा, त्या पोर्टचे सीआरसी एरर (बिघडून पोचलेल्या डेटाची मोजणी) सकाळी सातला लिहून ठेवा आणि दुपारी तीनला परत बघा. एकाच पोर्टवर भराभर वाढले असतील तर केबल. सगळे पोर्ट एकदम जाऊन परत येत असतील तर स्विच तापून रीस्टार्ट होतोय. शेडमध्ये इंडस्ट्रियल स्विच लावा, ७० डिग्रीच्या पुढे चालणारे मिळतात, पंखा नसलेले, म्हणजे धूळ पण आत ओढली जात नाही.

पोर्ट उडायचं कारण वेगळं. ऑफिसचं अर्थिंग वेगळं, शेडचं वेगळं, आणि तुम्ही दोघांना तांब्याने जोडलंय. जवळपास वीज पडली की दोन अर्थिंगमध्ये प्रचंड व्होल्टेजचा फरक येतो आणि तो केबलवरून पळतो, मध्ये येतो बिचारा पोर्ट. दोन इमारतींमध्ये तांबं टाकूच नका हो, मी हे कितीदा सांगितलंय आणि परत सांगतो! सिंगल मोड फायबर टाका, ६ कोर घ्या, दोन वापरात आणि बाकी राखीव. काचेला वीज लागत नाही आणि ८५ मीटरवरच्या शेडलाही तीच, १० किलोमीटरवरच्या युनिटलाही तीच. आज १ जीचं मॉड्यूल (स्विचमध्ये बसणारा, सिग्नल प्रकाशात बदलणारा छोटा भाग) लावा, उद्या १० जी, पुढे त्याच दोन कोरवर १०० जी सुद्धा जातं, फायबर बदलावी लागत नाही, फक्त दोन्ही टोकांची मॉड्यूल आणि स्विच. एकच गोष्ट सांभाळा, आर्मर्ड फायबर घेतली तर तिच्यात स्टीलचं कवच असतं, ते इमारतीत शिरतानाच कापून नीट अर्थ करायचं, नाहीतर वीज त्या कवचावरून आत येईल आणि फायबर टाकूनही उपयोग नाही.

प्रश्न: सर्व्हर रूमला एसी परवडत नाही, डेझर्ट कूलर लावला तर चालेल का? रूम थंड तर होते.

उत्तर: नाही, कृपया नको. कूलर थंडावा देतो तो पाण्याच्या ओलाव्याने आणि आपल्याकडच्या जड पाण्याबरोबर क्षार आणि धूळ पण. ते सगळं स्विचच्या आणि सर्व्हरच्या बोर्डवर बसतं, पॉवर सप्लायमध्ये बसतं आणि पावसाळा लागला की गंज. मोठा एसी नको, छोटी रूम करा, फटी बंद करा, दीड टनाचे दोन स्प्लिट आळीपाळीने चालवा. २७ डिग्रीपर्यंत असलं तरी चालतं, १८ वर नेऊन बिल वाढवायची काही गरज नाही.

प्रश्न: सीताबर्डीतून कॅट ६ चा बॉक्स निम्म्या भावात मिळाला. ओरिजिनल आहे कसं ओळखायचं?

उत्तर: निम्म्या भावात मिळाला इथेच पाल चुकचुकली पाहिजे. बहुतेक सीसीए असेल, म्हणजे अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर. एक तार सोला, ब्लेडने हळू खरवडा, आतून पांढरी चकाकी दिसली की समजून जा. दोन-चारदा मागेपुढे वाकवली तर कटकन तुटते, तांबं एवढ्यात तुटत नाही. बॉक्स उचलल्यावर पण हलका लागतो. अशी केबल कुठल्याच कॅटेगरीच्या स्टँडर्डमध्ये बसत नाही, जॅकेटवर काहीही छापलेलं असो, आणि पीओईचा करंट गेला की तांब्यापेक्षा जास्त तापते. कॅमेऱ्यांच्या जाड गठ्ठ्यात तर हे धोक्याचंच आहे. परत करा.

प्रश्न: बुटीबोरीला आमचा वजनकाटा आणि एक जुनं सीएनसी मशीन आहे, दोन्हीला लॅन पोर्ट. नवीन मल्टीगिग (२.५ जी, १० जीचा) स्विच घेतला तर दोघांचं नेटवर्क गेलं. स्विच खराब का?

उत्तर: स्विच चांगला आहे. तुमच्या मशीनचा पोर्ट बहुतेक १० एमबीपीएसचा असेल, म्हणजे १९९० साली स्टँडर्ड झालं तो, आणि बऱ्याच २.५ जी आणि १० जीच्या पोर्टना आता १० एमबीपीएस बोलताच येत नाही. साधा १०/१०० चा छोटा स्विच मध्ये लावा, तो दोघांशी बोलतो. सीएनसी बदलायला कोणी सांगितलं तर ऐकू नका.

प्रश्न: सर, मी वर्धा रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचं डेटा सेंटर बघते. आठ सर्व्हर, एक स्टोरेज, सगळं १ जी वर. मॅनेजमेंट म्हणते १० जी करा, एकाने सेकंड हँड ४० जीचे स्विच स्वस्तात देतो म्हणून सांगितलंय. काय घेऊ?

उत्तर: ताई, ४० जी स्वस्त आहे कारण ते सगळे काढून टाकून राहिले. ते १०-१० च्या चार लेन जोडून बनलेलं आहे. २०१६ मध्ये एकाच लेनवर २५ जी आलं आणि तशा चार लेन म्हणजे १०० जी, तो रस्ता पुढे जातो, ४० चा तिथेच संपतो. तुम्ही सर्व्हरला २५ जीचे पोर्ट आणि वर १०० जीचे अपलिंक (स्विचला पुढच्या नेटवर्कशी जोडणारे पोर्ट) असलेले दोन स्विच घ्या. २५ च्या खाचेत १० जीचं जुनं मॉड्यूल पण बहुतेक बसतं आणि चालतं, म्हणजे आठही सर्व्हरची कार्डं एकदम बदलायची घाई नाही. प्रत्येक सर्व्हरचा एक पाय एका स्विचमध्ये, दुसरा दुसऱ्यात, एक स्विच गेला तरी कॉलेज चालू राहतं.

रॅकच्या आत ऑप्टिकल मॉड्यूलवर पैसे घालू नका, डॅक केबल (दोन्ही टोकांना प्लग बसवलेली तयार तांब्याची केबल) घ्या, ३ मीटरपर्यंत बिनधास्त, वीज नगण्य खाते आणि तापत नाही. दोन जागी हमखास अडकायला होतं तेवढं सांगतो. २५ जीला दोन्ही बाजूंची एफईसी (डेटातल्या चुका दुरुस्त करणारी) सेटिंग सारखी नसेल तर लिंक वरच येत नाही आणि माणूस केबल बदलत बसतो. आणि स्टोरेजसाठी एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) ९००० केला तर सर्व्हर, स्विच, स्टोरेज सगळीकडे करा, एक जरी जागा १५०० वर राहिली तर पिंग होतं, लॉगिन होतं, पण मोठी फाइल अर्ध्यात लटकते, आणि हे शोधण्यात लोकांचे आठवडे गेलेले आहेत.

तुमच्या एआय लॅबसाठी वेगळं इन्फिनीबँड (सर्व्हर जोडायचं दुसऱ्या प्रकारचं वेगवान नेटवर्क) लागेल का असंही विचारलंय. चार जीपीयू (एआयची गणितं करणारी कार्डं) एकाच सर्व्हरमध्ये आहेत तोवर त्यांचं आपापसातलं बोलणं नेटवर्कवर येतच नाही. पुढे सर्व्हर वाढले तर इथरनेटवरच (म्हणजे आपल्या नेहमीच्या केबल-स्विचच्या नेटवर्कवर) आरओसीई, म्हणजे एका सर्व्हरच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत थेट डेटा नेणारी पद्धत, चालते, आणि मोठ्या एआय क्लस्टरसाठी इथरनेट सुधारायला २०२३ मध्ये अल्ट्रा इथरनेट कन्सोर्शियम निघालंय, त्यांचं पहिलं स्पेसिफिकेशन २०२५ मध्ये आलं. त्यामुळे आज इथरनेटमध्ये घातलेला पैसा अडकत नाही.

प्रश्न: गिगाबिट स्विच आहे, गिगाबिट कार्ड आहे, तरी फाइल कॉपी ११ एमबी प्रति सेकंदच्या वर जात नाही. व्हायरस असेल का?

उत्तर: व्हायरस नाही, तो ११ चा आकडाच सगळं सांगतो. १०० एमबीपीएसला ८ ने भागा (८ बिटचा १ बाइट), साडेबारा, त्यातून थोडं वरखर्चात गेलं की ११-१२ उरतात. म्हणजे तुमची लिंक गिगाबिटवरून १०० वर उतरलेली आहे आणि त्याचं सगळ्यात सामान्य कारण चारपैकी एक जोडी तुटलेली किंवा जॅकमध्ये नीट बसलेली नाही. निळी जोडी ४-५ वर आणि तपकिरी ७-८ वर, या दोन नसल्या तरी १०० एमबीपीएस चालत राहतं म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही. आधी पॅच कॉर्ड बदला, मग दोन्ही टोकांचे जॅक नवीन क्रिम्प करा (दाबून बसवा), जोड्यांचा पीळ जॅकच्या अगदी जवळपर्यंत ठेवून, आणि तीच फाइल परत कॉपी करा, ११० च्या आसपास दिसायला पाहिजे.