चार वर्षांच्या मुलासाठी पाय हलणारा भुंगा थ्रीडी प्रिंट करायचा आहे. सांधे कसे करू?

प्रत्येक पायाला तीन-तीन सांधे द्यायचा मोह आवरा. या वयाला पाय मुळाशी वळला आणि वळवला तिथे टिकला तरी पुरे. सहाही पाय छातीलाच जोडा, पोटाला नको. (एवढं कीटकशास्त्र तरी खेळण्यात खरं असू द्या!)

गोळा आणि वाटी हा सांधा घ्या. गोळा १० मिमीच्या आसपास ठेवा. वाटीच्या कडेला दोन-तीन चिरा दिल्या की गोळा दाबून बसवता येतो आणि घर्षणामुळे पाय जागेवर थांबतो. सगळं जोडलेलंच छापायचं तर मध्ये ०.३ ते ०.४ मिमी फट लागते, पण मग पाय बहुधा लुळे पडतात. आधी एकच सांधा छापून बघा. प्रत्येक प्रिंटरचं माप थोडं वेगळं येतं.

मोडते ती गोळ्याची मान, म्हणजे गोळा पायाला जोडणारा बारीक भाग. पाय उभा छापला तर थर मानेला आडवे पडतात आणि तिथेच तुकडा पडतो. म्हणून पाय आडवा छापा, मान ५ मिमी तरी जाड ठेवा. छपाईच्या प्लास्टिकांपैकी पीएलएपेक्षा पीईटीजी आपटणं जास्त सोसतं. मिशा टीपीयू या रबरासारख्या लवचीक प्लास्टिकच्या करा, नाहीतर सरळ डोक्यावर कोरून मोकळे व्हा.

घरात तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल तर मात्र हा भुंगा त्याच्या हाती देऊ नका. त्या वयाच्या खेळण्यांचे सुटे भाग ३१.७ मिमी व्यासाच्या नळीत टाकून तपासतात; पूर्ण मावला तो तुकडा घशात अडकण्याजोगा. तुटलेला गोळा त्यात सहज मावतो. आणि सांध्यात लोहचुंबक कुठल्याच वयाला नको.