जुलैत खोली बघताना मे महिना आठवा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पदव्युत्तर प्रवेशाच्या याद्या लागायला लागल्या, की आमच्या टपालात खोल्यांचीच पत्रे जास्त असतात. यंदाच्या पत्रांतले पाच प्रश्न निवडले आहेत.

मला छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात एम.एस्सी. रसायनशास्त्राला प्रवेश मिळाला आहे. वसतिगृहाची यादी नंतर लागेल म्हणतात. शहरात ओळखीचे कुणी नाही आणि बाबांना एकाच फेरीत खोली पक्की करायची आहे. हे जमेल का? – एक वाचक, अहमदपूर

जमेल. मात्र फेरी दोन दिवसांची हवी, आणि रविवारची नको. रविवारी विभाग बंद असतो, आणि खोलीची सगळ्यात चांगली खबर विभागातच मिळते. परीक्षा उरकून खोली सोडणाऱ्या मुली ती ओळखीतल्याच कुणाला तरी देऊन जातात. अशा खोलीवर 'भाड्याने देणे आहे' ही पाटी कधी लागतच नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी सकाळी आधी विभागात जा. दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठा, आणि त्याच फेरीत वसतिगृहाचा अर्जही देऊन टाका. एजंटाकडे दुपारनंतर गेले तरी चालते.

बेगमपुरा, जयसिंगपुरा आणि पहाडसिंगपुरा या वस्त्या विद्यापीठाच्या अंगाला आहेत, तिथून पायी जाता येते. घरे जुनी, खोल्या लहान, पण रोजचा रिक्षाचा खर्च वाचतो. टीव्ही सेंटर, हर्सूल आणि सिडकोकडे घरे जरा मोकळी मिळतात. तिकडे मग गाडी तरी हवी, नाहीतर बसच्या वेळा तरी पाठ हव्यात. सातारा-देवळाई आणि बीड बायपासकडच्या नव्या इमारती फोटोत फार देखण्या दिसतात. विद्यापीठासाठी मात्र ते शहराचे दुसरे टोक आहे, आणि त्या भागात टँकर काही नवा नाही.

आता पाण्याचे. तुम्ही खोली बघणार जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा बोअरला पाणी असते, स्लॅब गार असतो आणि घरमालक हसतमुख असतो. खोलीची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते. जायकवाडीसारखे धरण उशाशी असूनही शहराच्या अनेक भागांत नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते. म्हणून 'पाणी आहे का?' असे विचारू नका, त्याचे उत्तर सगळीकडे 'भरपूर' असेच मिळते. 'नळ किती दिवसांनी येतो आणि किती वेळ चालतो?' असे विचारा.

नंतर हिशोब करा. आंघोळ, कपडे, भांडी आणि संडास धरून माणशी दिवसाला ८० ते १०० लिटर पाणी लागते. चौघी राहणार असाल तर दिवसाला ४०० लिटर. नळ सहा दिवसांनी येत असेल तर २,४०० लिटरची साठवण हवी. गच्चीवर एक हजार लिटरची एकच काळी टाकी दिसली, तर तिसऱ्या दिवशी ती कोरडी पडणार हे तिथे उभ्या उभ्याच कळते. जमिनीखाली हौद असेल तर त्याची लांबी, रुंदी आणि खोली फुटांत मोजा, तिन्ही आकडे गुणा आणि आलेल्या आकड्याला २८ ने गुणा. ते झाले लिटर. सहा बाय पाच बाय पाच फुटांचा हौद सुमारे ४,२०० लिटरचा असतो. मात्र त्यावर तुम्ही चौघी आणि मालकांचे सहा जण असाल, तर भागायला दहा माणसे धरा. मोटार कोण चालू करते, किल्ली कुणाकडे असते, तेही विचारा. हौद भरलेला आणि मालक गावाला गेलेले, असे झाले की बादल्या घेऊन शेजारच्या दारात उभे राहावे लागते. बोअर असेल तर उन्हाळ्यात ते आटते का, हे मालकांऐवजी खालच्या किराणा दुकानदाराला विचारलेले बरे. टँकर आला तर पैसे कोण देणार, हे आधीच ठरवून घ्या.

पाण्यासारखाच उन्हाचा प्रश्न. वरच्या मजल्यावरची, गच्चीखालची आणि पश्चिमेला भिंत असलेली खोली स्वस्त मिळते, त्याचे कारण मे महिन्यात रात्री अकरालाही त्या भिंतीवर हात ठेवला की कळते. पत्र्याच्या खोलीचा तर विचारच करू नका. कूलर लावायचा तर खिडकी बाहेर मोकळ्यावर उघडायला हवी, नुसत्या जिन्यात उघडून उपयोग नाही. शिवाय दिवसरात्र चालणारा कूलर ४०-५० लिटर पाणी पितो. वरच्या हिशोबात ते धरलेले नाही.

रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक लांबते. फाटक किती वाजता बंद होते आणि उशीर झाला तर काय, हे पैसे देण्याआधी विचारा. पसंत पडलेली खोली त्याच दिवशी रात्री साडेआठला परत एकदा बघून या. गल्लीत दिवे आहेत का, रस्त्यावर वर्दळ आहे की नुसती टोळकी, हे दुपारी कळत नाही.

एवढे करूनही मनासारखी खोली मिळाली नाही, तर घाईने अकरा महिन्यांना बांधून घेऊ नका. एखाद्या खासगी लेडीज होस्टेलमध्ये महिनाभर कॉट बेसिसवर, म्हणजे एका कॉटपुरते भाडे देऊन, राहा. तोवर वसतिगृहाची यादीही लागेल.

मुलासाठी इंटरनेटवर खोली बघितली. फोटो चांगले, भाडे कमी. मालक सैन्यात आहेत, बदली झाली म्हणून बाहेरगावी आहेत असे सांगतात. क्यूआर कोड पाठवला आहे. तो स्कॅन केला की आधी एक रुपया आमच्या खात्यात येईल आणि खाते जुळल्याची खात्री होईल, मग आम्ही अनामत पाठवायची. पाठवावी का? – एक पालक, जिंतूर

पाठवू नका आणि तो कोडही स्कॅन करू नका. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. सैन्यातली नोकरी, ओळखपत्राचा फोटो, बदलीची घाई हे सगळे या फसवणुकीचे ठरलेले कपडे आहेत. पैसे गेलेच असतील तर पत्र लिहीत बसू नका. ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त.

खरा मालक असेल तर त्याची पारख करणे सोपे आहे. चालू महिन्याच्या वीजबिलाचा फोटो मागा. त्यावर नाव, पत्ता आणि महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो. थकबाकी असेल तर तीही तिथेच दिसते. मग व्हिडिओ कॉलवर त्यांना खोलीतून बाहेर पडून मीटरपर्यंत आणि फाटकाबाहेरच्या रस्त्यापर्यंत चालत जायला सांगा. मीटरचा क्रमांक बिलाशी जुळला पाहिजे. जो हे करायला कुरकुरतो, त्याची खोली सोडून द्या. एवढे सगळे जुळले तरी मुलाने प्रत्यक्ष जाऊन कुलूप उघडेपर्यंत अनामत देऊ नये, असेच आमचे मत आहे.

घरमालक म्हणतात, पाचशेच्या बाँडवर नोटरी करू, अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही. खरे आहे का? शिवाय विजेचे युनिटमागे बारा रुपये मागतात. – एक विद्यार्थी, केज

पहिले खरे नाही. हा गैरसमज इतका पसरला आहे की काही एजंटही तो छातीठोकपणे सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार, म्हणजे लिव्ह अँड लायसन्ससुद्धा, लेखी आणि नोंदणीकृतच हवा. मग तो अकरा महिन्यांचा असो की पाच. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. वर, नोंदणी नसताना अटींवरून वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मालकांना हे शेवटचे वाक्य शांतपणे सांगा. बहुतेक वेळा तेवढे पुरते.

खर्च म्हणाल तर असा. भाडे ५,००० आणि मुदत ११ महिने म्हणजे ५५,०००. परत मिळणारी अनामत १०,००० असेल तर तिच्यावर वर्षाला दहा टक्के, म्हणजे साधारण हजार रुपये त्यात मिळवा. या ५६,००० वर पाव टक्का मुद्रांक शुल्क. नोंदणी फी शहरी हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. करार ऑनलाइन होतो. दोन्ही पक्ष आणि दोन साक्षीदार, आधार कार्ड, फोटो आणि अंगठा एवढे लागते. एजंट अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो आणि त्याची मजुरी वेगळी घेतो. खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यायची रीत आहे.

करारात सूचनेचा कालावधी एक महिन्यापेक्षा जास्त ठेवू नका. 'लॉक-इन', म्हणजे ठरावीक मुदतीआधी खोली न सोडण्याची अट, हा शब्द दिसला तर थांबून वाचा, कारण मध्येच वसतिगृह मिळाले तरी त्या मुदतीचे भाडे तुमच्याकडून मागितले जाईल. वसतिगृह मिळाल्यास पंधरा दिवसांच्या सूचनेवर खोली सोडता येईल, अशी ओळ घालून घ्या. रंगकामाचे पैसे अनामतीतून कापणार की नाही, हेही लिहा. पंखा, नळ, कॉट, कडीकोयंडा यांची यादी जोडा, आणि सामान लावण्याआधी खोलीचा व्हिडिओ काढून मालकांना पाठवून ठेवा.

विजेच्या दरात मात्र मालक फसवतच असतील असे नाही. घरगुती विजेचे पहिले १०० युनिट स्वस्त असतात आणि १०१ पासूनचा दर दुपटीच्या आसपास जातो. सगळ्या घराला एकच मीटर असेल तर तुमचे युनिट महाग टप्प्यात पडतात. दोन महिन्यांची बिले मागा, एकूण रक्कम भागिले एकूण युनिट करा. उत्तर नऊ येत असेल आणि मागणी बाराची असेल, तर बोला. तुमच्या खोलीपुरता वेगळा सबमीटर असेल तर पहिल्या दिवशीच्या आकड्याचा फोटो हवाच.

स्वाधार योजनेचे पैसे खोलीला पुरतील का? करार नसेल तर अडते का? – एक विद्यार्थी, उमरगा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. शासकीय वसतिगृहासाठी पात्र असून प्रवेश न मिळालेल्यांना ती मिळते. म्हणून वसतिगृहाचा अर्ज चुकवू नका. 'मला वसतिगृह नकोच आहे' म्हणून तो न भरणारे इथेच अडकतात. छत्रपती संभाजीनगरसाठी वर्षाला ५१,००० रुपये ठरवलेले आहेत. त्यात भोजनाचे २८,०००, निवासाचे १५,००० आणि निर्वाहाचे ८,०००. निवासाचे म्हणजे महिन्याला साडेबाराशे झाले. तिघे-चौघे मिळून राहिलात तर त्याला अर्थ आहे, एकट्याच्या खोलीला ते पुरत नाहीत. शिवाय पैसे हप्त्याने आणि उशिरा येतात. पहिल्या सहा महिन्यांचे भाडे त्यांच्या भरवशावर ठेवू नका.

बाहेर भाड्याने राहत असल्याचा पुरावा लागतो, म्हणून करार देणार का हे मालकांना अनामत देण्याआधी विचारा. अर्जातला पत्ता आणि करारातला पत्ता अक्षरशः एक हवा, घर क्रमांकासकट. खाते आधारशी जोडलेले असावे, हजेरी ७५ टक्के राखावी. अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम, तर इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. दोन्हींची रीत साधारण अशीच.

आम्ही तिघे मित्र नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येत आहोत. शहरात राहावे की विष्णुपुरीकडे? तिघांत मिळून घर घ्यावे का? – एक वाचक, सेनगाव

विष्णुपुरीकडे. भाग्यनगर, श्यामनगर आणि आनंदनगर इथे खानावळी आणि अभ्यासिका हाताशी आहेत, पण तो क्लासवाल्यांचा भाग आहे. जूनमध्ये तिथली भाडी चढतात ती चढलेलीच राहतात. विद्यापीठ गोदावरीच्या पलीकडे, लातूर रस्त्याला आहे. असर्जन, कौठा आणि सिडको हे भाग त्याच बाजूला येतात. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयही विष्णुपुरीतच असल्याने तिकडच्या खोल्या लवकर भरतात, एवढे लक्षात ठेवून आठवडाभर आधी जा. संध्याकाळी उशिरा रिक्षा मिळते का, हे मात्र प्रत्यक्ष उभे राहून बघा.

तिघांत घर जरूर घ्या, पण करारात तिघांचीही नावे घाला. एकाच्याच नावावर करार असला आणि बाकीचे दोघे दिवाळीनंतर परतलेच नाहीत, तर मालक पूर्ण भाडे त्या एकाकडूनच घेतात. अनामत ज्याने-त्याने आपल्या खात्यातून पाठवावी आणि संदेशात 'अनामत' असे लिहावे. मध्येच कुणी सोडून गेला तर त्याची अनामत नव्या येणाऱ्याने द्यायची, मालकांकडे मागायची नाही, हे आपसात कागदावर ठेवा.

स्वयंपाक करणार असाल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही. इंडक्शन शेगडी घेण्याआधी भिंतीतली वायर बघून घ्या. दोन हजार वॅटची शेगडी पाच अँपिअरच्या साध्या सॉकेटवर लावली की सॉकेट वितळते, आणि त्याचे पैसे अनामतीतून जातात. तिच्यासाठी सोळा अँपिअरचा मोठा पॉइंट हवा. तो नसेल तर खोली ठरवतानाच मालकांकडून बसवून घ्या, राहायला गेल्यावर ते काम कुणी करून देत नाही.