साखरेच्या पट्टीत रक्त आपोआप कसे शिरते?

प्रश्न : सासूबाईंची साखर मी घरीच ग्लुकोमीटरवर तपासते. बोटावरच्या थेंबाला पट्टीचे टोक टेकवताच रक्त आपोआप आत ओढले जाते, पट्टी उभी धरली तरी ते वर चढते. हे कसे घडते? थेंब अपुरा पडल्यास दुसरा लावावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पट्टीचे टोक भिंगाखाली धरून पाहा, काठाशी एक अतिशय बारीक फट दिसेल. प्लॅस्टिकच्या थरांमध्ये राखलेल्या अरुंद पोकळीचे ते तोंड आहे. पोकळीला आतून पाणी चटकन पसरेल असा लेप दिलेला असल्यामुळे रक्त भिंतींना धरून पुढे सरकते आणि पृष्ठीय ताणामुळे मागचे रक्तही त्याच्याबरोबर ओढले जाते. समईच्या वातीत तेल चढते ते याच केशाकर्षणाने. नळी जितकी अरुंद, तितके द्रव उंच चढते : १ मिलिमीटर व्यासाच्या स्वच्छ काचनळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढते, तर ०.१ मिलिमीटरच्या नळीत सुमारे ३० सेंटिमीटर. म्हणूनच पट्टी उभी धरल्याने काही बिघडत नाही.

या अरुंदपणाचा दुसरा फायदा मला अधिक विलक्षण वाटतो. चहा ढवळताना उठतात तसे भोवरे इतक्या बारीक जागेत उठत नाहीत, त्यामुळे रेणू केवळ विसरणाने, म्हणजे स्वतःच्या हालचालीने हळूहळू पसरत मिसळतात. आणि अंतर दहापट झाले की त्याला लागणारा वेळ शंभरपट होतो. ग्लुकोजच्या रेणूला पाण्यात ०.१ मिलिमीटर सरकायला साधारण ७-८ सेकंद लागतात, तर १ सेंटिमीटरसाठी जवळजवळ २० तास! पोकळी पातळ असते म्हणूनच ग्लुकोज लगेच पट्टीतल्या एन्झाइमपर्यंत (ग्लुकोजची रासायनिक अभिक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनापर्यंत) पोहोचते, त्या अभिक्रियेतून निर्माण होणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह यंत्र मोजते आणि काही सेकंदांत आकडा दिसतो.

आता दुसऱ्या थेंबाविषयी. ही पोकळी म्हणजे रक्ताचे मापही आहे. बहुतेक पट्ट्यांत ते १ मायक्रोलिटरपेक्षा कमी असते. ती अर्धवट भरली तर यंत्र चूक दाखवते किंवा आकडा चुकू शकतो. काही पट्ट्यांना थोड्या अवधीत दुसरा थेंब चालतो, परंतु माहितीपत्रकात तसे स्पष्ट लिहिलेले नसेल तर नवी पट्टीच घ्यावी. बोट जोराने पिळू नये, कारण त्यामुळे ऊतींमधला द्रव रक्तात मिसळतो. तपासणीपूर्वी सासूबाईंचे हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत : इतक्या लहान थेंबात, नुकत्याच सोललेल्या आंब्याचा बोटावर राहिलेला रससुद्धा आकडा बराच वाढवू शकतो.