वाचकांचे प्रश्न: धूर दिसत नाही, मग नुकसान कशाचं?

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. रंगाईला कोळशावरचा छोटा बॉयलर आहे. होटगीकडे जाताना एनटीपीसीच्या वीज केंद्राची चिमणी दिसते, पण काळा धूर दिसत नाही. मुलगा म्हणतो, किलोभर कोळशातून किलोपेक्षा जास्त वायू निघतो. हे कसं? आणि धूरच नसेल तर नुकसान कशाचं?
– एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर: ताई, मुलगा बरोबर सांगतोय. माझी नोकरी बॉयलरवरच झाली. भट्टीत पडणाऱ्या कोळशाचा हिशेब रजिस्टरमध्ये रोज लिहायचो, पण पंखा जी हवा आत ढकलतो तिचं वजन कोण लिहितं? कार्बनच्या १२ भागांना त्या हवेतला ३२ भाग ऑक्सिजन येऊन मिळतो आणि ४४ भाग कार्बन डायऑक्साइड होतो. आपल्या देशी कोळशात राखच ३०-४० टक्के. कार्बन ४५ टक्के धरला, तरी किलोमागे १.६५ किलो वायू होतो. कोळशावरच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण एक किलो. तुमच्या एका लूमची मोटर एक हॉर्सपॉवरची असेल, तर बारा तासांच्या पाळीत नऊएक किलो झालाच!

आता चिमणीचं. १३२० मेगावॉटच्या त्या केंद्रात राख विजेच्या भारानं पत्र्यांवर ओढून घेणारी यंत्रणा असते. ती राख सिमेंटला, विटांना जाते. कूलिंग टॉवरवरचा पांढरा ढग म्हणजे पाण्याची वाफ, आणि ते पाणी उजनी धरणाचं. कोळशातल्या गंधकापासून होणारा सल्फर डायऑक्साइड मात्र डोळ्याला दिसत नाही. हवेत त्याचे बारीक कण होतात आणि ते थेट फुप्फुसात उतरतात.

तरी ते कण पावसानं धुऊन जातात. कार्बन डायऑक्साइडचा बराचसा भाग शेकडो वर्षं हवेत राहतो, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत तो २८० होता, आज ४२० च्या पुढे गेलाय. जमिनीची उष्णता तो अडवून धरतो. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणजे उन्हाळ्यात उजनीतून पाणी जास्त उडणार, आणि पाऊस आला की धो धो कोसळणार. सोलापूरचा मे महिना मी तुम्हाला काय सांगू!

पत्र्यावर सोलर बसवा. एक किलोवॉटमागे दिवसाला चारएक युनिट मिळतील. रंगाईची वाफ त्यातून निघणार नाही, तिथे कोळसाच वाचवावा लागेल. रंगाईच्या जिगर मशीनकडून परत येणारं गरम कंडेन्सेट, म्हणजे वाफ निवून झालेलं पाणी, गटारात सोडत असाल तर ते आधी थांबवा. रंगाचं पाणी त्यात मिसळत नाही ना, एवढं तपासा आणि ते बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या फीड टाकीत घ्या. फीडचं पाणी ६ अंशांनी गरम झालं की सुमारे एक टक्का कोळसा वाचतो. वाफेच्या पाइपांचं लॅगिंग (उष्णता राखणारं आवरण) कुठे फाटलंय, वाफ अडवून फक्त पाणी सोडणारा कुठला ट्रॅप गळतोय, हे बॉयलरवाल्याला सोबत घेऊन याच आठवड्यात बघून घ्या.