चकाकी जायच्या आधी

प्रिय पोरी,

पळसाच्या तुझ्या तिन्ही जलरंगचित्रांचे फोटो पाहिले. तिन्हींत आभाळाला कोबीच्या पानासारखी कातरलेली किनार पडली आहे आणि तू लिहितेस, "सर, माझा हातच वाईट." हात बरा आहे. मार्चअखेरीस भर दुपारी दोनला धुऱ्यावर बसून रंगवलंस, त्याचं ते फळ.

मोबाइलवर ज्यांचं बघून तू शिकतेस, त्यातले बरेच थंड, दमट हवेत बसलेले असतात. त्यांचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, निवांत ओला राहतो. आपल्याकडे उन्हाळ्यात दोन मिनिटांत ओल्या रंगाची चकाकी जाते. कागद वरून वाळलेला दिसतो, पण आत ओल असते. नेमका तेव्हाच तू पाण्याने भरलेला ब्रश टेकवतेस. ते पाणी आधीच्या रंगाचे कण ढकलत नेतं आणि कडेला सोडून देतं. झाली किनार!

म्हणून आठवडाभर चित्र काढू नको. कागदाच्या पट्ट्या काप, एकच अल्ट्रामरीन निळा लाव, सकाळी सहाला, दुपारी आणि दिवे लागताना. चकाकी कधी गेली ते पट्टीवरच लिही. श्रावणात पुन्हा कर, तेव्हा पट्टी वाळता वाळत नाही. उन्हाळ्यात कागद दोन्ही बाजूंनी भिजवून काचेवर चिकटव, बराच वेळ हातात मिळतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कित्येक वर्षं मी कागदालाच शिव्या दिल्या.

कागदाचंही गंमतशीर आहे. कापूस आपण पिकवायचा आणि ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कापसाचा कागद महागामोलाने बाहेरून आणायचा. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ नंतर ग्रामोद्योग संघाने हातकागदाचं काम केलं. तसला कागद मिळाला तर आधी कोपऱ्यात थेंब टाकून बघ. खळ कमी असेल तर टीपकागदासारखा पितो.

पांढरा रंग मात्र घरी ठेव. सीतादहीच्या, म्हणजे पहिल्या वेचणीच्या सुमारास कापसाच्या वावरात जा. बोंडामागची पऱ्हाटी रंगव, बोंड कोऱ्या कागदाचं आपोआप उरतं. सावलीतलं बोंड पांढरं नसतं, निळसर असतं, तेही बघ. चित्रकार सा. ल. हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ते चित्र लोक रविवर्म्याचं समजतात. ते जलरंगातलं आहे, हे सांगितलं की अजून कोणी पटकन मानत नाही.

पोटाचं विचारलंस. मी तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी रंगवले, किराणा दुकानांच्या पाट्या रंगवल्या, शाळेत ड्रॉइंग शिकवलं. जलरंगाने घर चाललं नाही. एकदा एका संस्थेने चार चित्रं प्रदर्शनाला नेली; दोनच परत आली, तीही बुरशी लागून. पावती मी मागितली नव्हती. तू माग. नागपूरला चित्रकला महाविद्यालयात जायचं असेल तर जा, तिथे बरोबरीची पोरं भेटतात, त्याची इथे फार उणीव आहे. बाबांशी मी बोलतो.

रविवारी पहाटे ये, तळ्यावर जाऊ. पट्ट्या आण, चित्रं नको. आणि पाण्याला दोन डबे आण, तू एकाच गढूळ डब्यात सगळं बुडवतेस, ते फोटोतही दिसतं.

तुझा,
मास्तर