अकरावी ऑनलाइन सुरू करतोयस? आधी हे वाच

लेकरा, लातूरला खोली करून राहण्याचा खर्च वाचतोय, हा ऑनलाइनचा खरा फायदा. दुसरा म्हणजे न कळलेला भाग चारदा ऐकता येतो. भर वर्गात "सर, परत सांगा" म्हणायला आपली जीभ रेटत नाही.

आता चुका. पहिली मी स्वतः केली: "रेकॉर्डिंग आहे, रात्री बघू." दिवाळीपर्यंत चाळीस तास तुंबले आणि मग नुसतं दुप्पट वेगाने पळवत बसलो. डोक्यात काही राहिलं नाही. तास ज्या दिवशीचा, त्याच दिवशी संपव.

दुसरी, नुसतं बघणं. बारावीचा पेपर तीन तास हातानेच लिहायचा असतो. गणित सुटताना पाहिलं की सगळं सोपं वाटतं. व्हिडिओ थांबव, वहीत स्वतः सोडव, मग पुढे जा.

सुरुवातीला एवढंच कर:
- एका विषयाला एकच शिक्षक. पाच चॅनल धरू नकोस.
- बालभारतीचं पुस्तक समोर हवंच. पीडीएफ फुकट मिळते, पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपवर उघडतात.
- लाईट जाणारच. नेट असेल तेव्हा तास डाउनलोड करून ठेव.

प्रॅक्टिकल मात्र मोबाइलवर होत नाही. भौतिक, रसायन, जीव, प्रत्येकी 30 गुण त्याचे. कॉलेजात त्या दिवशी हजर राहा, एसटी चुकवू नकोस.

नीटची टेस्ट सिरीज, रँक वगैरे दिवाळीनंतर बोलू.